सात खाचा आणि एक बकरी

सुभेदार, तुमच्या नावाबरोबर आता एका बाईचं नाव लागलं आहे. पत्र्याच्या फलकावर, पांढऱ्या अक्षरांत, भर डोंगरात. दचकू नका. वहिनींना सगळं माहीत आहे, नारळ त्यांनीच फोडला. बाईचं नाव चंपा. ती कधी जन्मलीच नाही, हे तुम्हाला आणि मला माहीत होतं. तुम्ही गेल्यावर ते एकट्या मला माहीत उरलं. म्हणजे भैरूजींनाही माहीत होतं, पण भैरूजींना कोण विचारतो?

तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. एवढ्यात मी तुम्हाला गाऱ्हाणं घेऊन गाठतो आहे, यात तुम्हाला नवल वाटणार नाही. जिवंत असताना तरी मी तुम्हाला कुठे निवांत बसू दिलं?

आपली गाठ पडली ती इथल्या, जयपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. नाटकात मी सरदाराचं काम केलं होतं आणि मिशी निसटत असतानाही दहा मिनिटांचं स्वगत ठोकलं होतं. लोक येऊन हात मिळवत होते. तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात. ताठ पाठ, पांढरा सदरा, साताऱ्याची करडी नजर. म्हणालात, "आवाज चांगलाय. चालता येतं का?"

मला वाटलं, रंगमंचावरच्या चालीबद्दल विचारताय. मी छाती काढून म्हणालो, "येतं की!" पुढच्या रविवारी पहाटे तुम्ही मला शास्त्रीनगरच्या मागच्या डोंगरावर उभं केलंत. प्रतापनगरातल्या हाऊसिंग बोर्डाच्या तिसऱ्या मजल्यावर चढतानाही मध्ये एकदा टेकणारा मी! अर्ध्या वाटेत मी विचारलं, "सुभेदार, आपण पळतोय कुणापासून?" तुम्ही मागेही न बघता म्हणालात, "अहो बोलपट, तोंड मिटलंत तर दम पुरेल."

तेव्हापासून मी बोलपट. माझी बायकोसुद्धा फोनवर तुम्हाला सांगायची, "बोलपट आंघोळीला गेलेत."

तुमचा विचार सरळ होता. जयपुरात माणूस येतो, किल्ला बघतो, महाल बघतो, रजई घेतो आणि जातो. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जी ढाणी आहे, वीसेक घरांची वस्ती, तिच्या वाट्याला फक्त बसगाड्यांची धूळ. पण या बाजूपासून त्या ढाणीपर्यंत गुराख्यांची जुनी पायवाट आहे. ती नीट केली, खुणा केल्या, तर लोक तीन तास चालत येतील, ढाणीत ताक पितील, बाजरीची भाकरी खातील, आणि तिथल्या सुनांना शहरात धुणीभांडी करायला यावं लागणार नाही. पायऱ्या नकोत, रेलिंग नको, फक्त वाट. फौजेत आयुष्यभर रस्ते बांधलेल्या माणसाला म्हातारपणी असा रस्ता हवा होता, जो बांधायचाच नाही.

आणि खुणांची तुमची पद्धत! ती मी आता प्रत्येकाला सांगत सुटतो. वाट बरोबर आहे तिथे खूण करायची नाही. चुकलेला माणूस जिथे थांबून इकडेतिकडे बघतो, तिथे करायची. आणि एका ठिपक्यापाशी उभं राहिलं की पुढचा ठिपका दिसलाच पाहिजे. आता चुकलेला माणूस कुठे थांबेल, हे वाट पाठ असलेल्या तुम्हाला कसं कळणार? त्यासाठी एक चुकणारा लागतो. खात्रीचा, कसलेला चुकणारा. जो घरापासून भाजीवाल्यापर्यंत जाताना चुकतो असा.

तुम्ही चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन माझ्या मागे पन्नास पावलांवर. मी पुढे. मी थांबलो, डोकं खाजवलं, की तुम्ही येऊन दगडावर ठिपका टेकवणार. एकदा मी मुद्दाम ऐटीत एका फाट्यावर न थांबता डावीकडे वळलो. अर्धा तास तुम्ही काही बोलला नाहीत. मी काटेरी निवडुंगाच्या जाळीत पुरता फसल्यावर शांतपणे म्हणालात, "रिपोर्ट द्या." मी दिला. तुम्ही परत जाऊन त्या फाट्यावर दोन ठिपके दिलेत. "हा मूर्खासाठी, आणि हा हुशार मूर्खासाठी."

ती अख्खी वाट म्हणजे माझ्या गोंधळांचा नकाशा आहे, सुभेदार. लोक तिच्यावरून बिनचूक चालतात.

तेलाचा रंग वापरा, टिकेल, असं वाटेला मंजुरी देणाऱ्या समितीचे शर्माजी म्हणाले होते. तुम्ही ऐकलं नाहीत. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा लावावा लागतो, तरी चुनाच. "डोंगर आपला नाही. आपलं चुकलं तर पुसता आलं पाहिजे." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता ते माझ्या मानगुटीवर बसलंय.

कारण पिंजरा.

तो आपल्याला वाटेच्या मधोमध सापडला. एका बाजेपेक्षा थोडी लांब, दगडी, बुटकी खोली. वर सपाट शिळांचं छप्पर, एका टोकाला गुडघ्याएवढं दार, दुसऱ्या टोकाला वीतभर झरोका. ही काय वस्तू आहे, ते आपल्याला माहीत नव्हतं. तुम्ही बाहेरून मापं घ्यायला लागलात. मी अर्थातच आत शिरलो. शिरताना सोपं गेलं. झरोक्यातून तोंड काढून तुम्हाला मुजरासुद्धा केला. मग बाहेर यायला वळलो आणि दारात पोटाशी अडकलो. डोकं आणि हात बाहेर, बाकी मी आत.

पहिल्यांदा मी विनोद केले. मग सूचना केल्या. मग, खरं सांगतो, मला घाम फुटला. दगड चारी बाजूंनी आवळत होता आणि मी जितका ओरडत होतो तितका तो आणखी आवळत होता. तुम्ही ओढलं नाहीत. समोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बोलताय म्हणून अडकलाय. बोलायला हवा भरताय, हवेनं पोट फुगतंय. गप्प बसा. श्वास सोडा, पूर्ण सोडा. मग या." मी गप्प बसलो, श्वास सोडला आणि साबणाच्या वडीसारखा बाहेर आलो. तेव्हा तुम्ही हसला नाहीत. ढाणीत पोचून ताक हातात आल्यावर हसलात, आणि मग तिथल्या गुराखी भैरूजींच्या शेळ्या बिथरेपर्यंत हसत राहिलात.

चंपा जन्मली ती पुढच्याच महिन्यात. समितीनं सांगितलं होतं की लोक येतात हे दिसलं तरच वाटेला मंजुरी. म्हणून मी जगतपुऱ्यातली आपली डझनभर आयटीवाली मराठी पोरं-पोरी गोळा करून आणली. तुम्ही त्या रविवारी गुडघ्यामुळे घरी होतात. पिंजऱ्यापर्यंत येता येता ती मंडळी पुरती वैतागली. नेटवर्क नाही, सावली नाही. एकजण म्हणाला, "काका, इथे बघण्यासारखं नक्की काय आहे?" परत फिरायची भाषा सुरू झाली. मला मंजुरी हातातून जाताना दिसली आणि माझ्या तोंडातून चंपा निघाली.

राणीची दासी चंपा. राणीचं गुप्त पत्र लुगड्यात लपवून पळाली आणि या दगडी खोलीत लपून राहिली. सात दिवस. अन्न नाही, पाणी नाही. रोज नखानं एक रेघ. छपराच्या शिळेच्या कडेला सात खाचा होत्या ना, त्यांवर मी एकेक बोट ठेवत गेलो. सातव्या खाचेवर आवाज मुद्दाम खाली नेला. एक पोरगी रडली, सुभेदार! दुसरीनं चित्रफीत काढली. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं, त्याच्या पुढच्या रविवारी उभं राहायला जागा नाही. भैरूजींची सून गुलाब, जी शास्त्रीनगरात तीन घरची भांडी घासायची, तिनं ढाणीत ताकाची मोठी मडकी मांडली आणि घरकामं सोडली. मंजुरी आली. सगळं तुम्हाला हवं तसंच झालं. फक्त खोट्यावर झालं.

तुम्ही पहिल्यांदा ते ऐकलंत तेव्हा गर्दी पांगेपर्यंत थांबलात. मग मला भैरूजींसमोर नेलंत. "विचारा यांना."

भैरूजींनी बिडी विझवली आणि म्हणाले, "बघेरा को पिंजरो छै. बकरी म्हारा दादा की छी." बिबट्या धरायचा पिंजरा. बकरी आमच्या आजोबांची. झरोक्यापाशी बकरी बांधायची, दारावरची शिळा दोराने वर उचलून धरायची, आणि दोराचं टोक धरून आजोबांनी खडकामागे बसायचं. बिबट्या आत गेला की दोर सोडायचा. हुकूम वरून, राजवाड्यातून यायचा. बिबट्या वर जायचा. बकरी घरची जायची. आणि खाचा? दोर छपराच्या कडेवरून घासून घासून पडलेल्या. तुम्ही माझं बोट धरून एका खाचेत बसवलंत. गुळगुळीत होती. कुठल्याही नखानं अशी खाच पडत नाही.

"बकरी कुठली निवडायचे, तेही सांगा यांना," तुम्ही भैरूजींना म्हणालात.

सगळ्यांत जास्त ओरडणारी. गप्प बकरीला बिबट्या येत नाही.

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मी म्हणालो, "बोलू नका. समजलं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते काही संपलं नाही. तुमचं म्हणणं, ही यांची गोष्ट आहे, ती यांच्या डोंगरावरून पुसून तुम्ही राणी कशी बसवता? माझं म्हणणं, बकरीसाठी शहरातून कोण येणार? तुम्ही म्हणालात, "तुम्ही नीट सांगितली तर येतील." त्या 'आवाज चांगलाय'नंतर तुम्ही माझी केलेली ही एकमेव स्तुती, आणि मी ती वादात उडवून लावली. शेवटी मी म्हणालो, सांगतो, पुढच्या रविवारी सांगतो. तो पुढचा रविवार दर रविवारी पुढे गेला. लोक "चंपा, चंपा" म्हणायचे आणि मी टाळ्यांसाठी उभा राहायचो. चंपा सुरू झाली की भैरूजी शेळ्यांकडे तोंड फिरवून बसायचे. मी ते बघायचो आणि सातवी खाच आणखी रंगवायचो.

बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन आला होता. "या रविवारी सांगणार ना?"

"सांगतो हो. आधी कचोरी खाऊ, मग सत्य सांगू."

"बोलपट," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही गुरुवारी गेलात. खरं तर त्या रविवारीही मी सांगणार नव्हतो, सुभेदार. कचोरी मात्र नक्की खाणार होतो.

तेराव्याला शर्माजी तुमच्या घरी आले. भला माणूस, डोळे ओले. फोनवर फलकाचं चित्र घेऊन आले होते. वर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव आणि 'स्मृति पथ'. वहिनींनी त्या चित्रावरून हात फिरवला. मग शर्माजींनी चित्र खाली सरकवलं. दासी चंपा, सात दिवस, सात रेघा, सगळी कथा माझ्याच शब्दांत. आणि शेवटी: 'संकलन: सुभेदार शिवराम जगदाळे'.

"इतिहास उनसे अच्छा कौन जानता था," शर्माजी म्हणाले.

तुमची लेक मुग्धा माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूहळू वाचलं. "काका, ही गोष्ट बाबांची? मतलब, ते तर गोष्टी सांगतच नव्हते ना कधी."

बोलायची हीच वेळ होती. दोन वाक्यांचं काम. पण वहिनी तेरा दिवसांत पहिल्यांदा हसत होत्या, शर्माजींनी पत्रा आधीच छापायला दिला होता, आणि गुलाब दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. उघडं पाडलं तर तिची मडकी रिकामी होणार, वाट बंद पडणार, आणि वहिनींच्या हातातलं ते चित्र मी हिसकावून घेणार. गप्प राहिलं तर तुमच्या नावावर कायमचं खोटं, तेही चुन्यात नाही, पत्र्यावर. मी म्हणालो, "छान झालाय फलक." आणि मला पुन्हा पोटाभोवती तो दगड जाणवला. या वेळी समोर उकिडवं बसायला कुणी नव्हतं.

रविवारी उद्घाटन झालं. झेंडूच्या माळा, फीत, माइक, सतरंज्या. तुम्हाला बघवलं नसतं, पण पोहे वहिनींनी केले होते, ते मात्र तुम्ही खाल्ले असते. शर्माजींनी पुकारलं, "अब मोहनजी चंपा की कथा सुनाएँगे!" टाळ्या. मी उठलो. आवाज लावला. "रानी की एक दासी थी..." आणि समोर भैरूजींनी नेहमीसारखं तोंड फिरवलं. त्यांच्या पलीकडे वहिनी, मांडीवर तुमची काठी घेऊन.

मला पुढचं वाक्य आठवेना. मला, सुभेदार! मिशी निसटली तरी न थांबणाऱ्याला! मग मला जे सुचलं ते तुम्ही माफ कराल असं नाही, पण तुम्हाला नवल वाटणार नाही. मी माइक खाली ठेवला, गुडघ्यांवर बसलो आणि पिंजऱ्यात शिरलो. झरोक्यातून तोंड बाहेर काढलं आणि जितक्या जोरात येईल तितक्या जोरात ओरडलो, "बेंऽऽऽ!"

लोक हसले. मी पुन्हा ओरडलो. हसणं थोडं कमी झालं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. मग मी तोंड आत घेऊन तिथूनच सांगितलं. चंपा नव्हती. चंपा मी बनवली, लोकांना थांबवायला. इथे बकरी होती, तिला कुणी विचारलं नाही, तिच्या मालकालाही नाही. फलकावर ज्यांचं नाव आहे त्यांनी यातला एक शब्दही सांगितला नाही, उलट मरेपर्यंत मला म्हणत राहिले, खरं सांगा. आत बसून खरं बोलणं सोपं जातं, हा नवा शोध लागला. बाहेरचे चेहरे नीट दिसत नाहीत.

मग डोक्यावर घसरण्याचा आवाज झाला. भैरूजी छपराच्या शिळेवर चढून बसले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी डोक्याचं फटकूर सोडलं, पिळून दोर केला, एका खाचेत बसवला आणि मागे ओढून धरला, त्यांचे आजोबा धरायचे तसा.  लोक उठून उभे राहिले.

एवढा सुंदर शेवट झाल्यावर माणसानं बाहेर यावं की नाही? मी वळलो आणि दारात अडकलो. त्याच जागी, त्याच पोटाशी. शर्माजींनी एक हात धरला, कुणीतरी दुसरा. सगळे ओढायला लागले. मी सूचना द्यायला लागलो. तेवढ्यात मुग्धा समोर उकिडवी बसली, अगदी तुमच्यासारखी, आणि म्हणाली, "हात सोडा सगळ्यांनी. काका, बाबा काय बोलले होते? ती पिंजऱ्यावाली गोष्ट तुम्हीच किती वेळा सांगितली मला!"

मी गप्प बसलो. श्वास सोडला, पूर्ण सोडला. त्यात आणखीही बरंच काही बाहेर गेलं, तुम्ही गेल्यापासून अडवून धरलेलं. मग मी बाहेर आलो. सदरा फाटला. सगळ्यांसमोर रडलो, आणि त्यात अभिनय नव्हता.

वहिनींची माफी मागायला गेलो तर त्यांनी पोह्यांची बशी हातात दिली. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. "यांच्या गोष्टीत राणी कुठून येणार? लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर यांनी नुसतं माझं नाव घेतलं होतं."

आता तुम्हाला वाटेल, सुटला बोलपट. कुठला सुटतो! फलक तसाच आहे. शर्माजी म्हणतात, पत्रा बदलायला पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतील, बघू. दर रविवारी मी फलकाशेजारी उभा राहून स्वतःच्या शब्दांना खोटं ठरवतो आणि लोक एकदा फलकाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहतात. गेल्या रविवारी एका बाईंनी सगळी खरी हकीकत ऐकून घेतली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भैया, वो चंपावाली ज़्यादा अच्छी थी. वही सुनाइए ना." मी बनवलेल्या बाईनं मला पुरतं जेरबंद केलं आहे. तिच्याच जिवावर गुलाबच्या दारातली मडकी रोज भरताहेत, म्हणून मला तिला मनापासून शिव्याही देता येत नाहीत.

पण तुमचा चुन्याचा डबा मुग्धाला माळ्यावर सापडला. त्या बाई गेल्यावर ती फलकासमोर उभी राहिली. मला वाटलं, चंपावर कुंचला फिरवते की काय. तिनं विचारलं, "काका, लोक कन्फ्यूज होऊन थांबतात ते इथेच ना? मग बाबांच्या हिशेबानं ठिपका इथे पाहिजे." आणि फलकाच्या खांबावर तिनं ठिपका टेकवला. मग तिथे उभी राहून तिनं नजर फिरवली आणि पुढचा ठिपका दिला, जिथून तो नीट दिसेल असा. भैरूजी बसतात त्या खडकावर.

आता लोक फलक वाचतात, गोंधळतात, ठिपका बघतात आणि भैरूजींकडे जातात. भैरूजी गोष्ट सांगतात चार वाक्यांत. मध्ये बिडी. चढ नाही, उतार नाही, विराम नाही, शेळ्यांकडे बघत बघत. ऐकताना मी बोटांवर मोजतो, सुभेदार, टाळ्यांच्या किती जागा वाया घालवतात ते! तुम्हाला ती फार आवडली असती.

मला त्यात एकच काम दिलं आहे. तिसऱ्या, बकरीच्या वाक्याला भैरूजी माझ्याकडे बघून मान हलवतात. तेवढंच. आणि मी ओरडतो.